फ्रीफॉर्म लेन्सचा मोल्ड इन्सर्ट वाळूजमध्ये होईल का? आणि झाला तर मोजायचा कशावर?

वाळूज_टूलरूम
नमस्कार मंडळी. आमचं संभाजीनगरजवळ वाळूजला टूलरूम आहे, म्हणजे साचे बनवायचं वर्कशॉप, इंजेक्शन मोल्ड आणि थोडं डाय कास्टिंगचं काम, बहुतेक गाड्यांच्या पार्टचंच. आता एका कस्टमरकडून दिव्याच्या लेन्सचं ड्रॉइंग आलंय. पीएमएमएची (ॲक्रिलिक प्लास्टिकची) लेन्स, साधारण ४० मिमी, आणि वरचा पृष्ठभाग ना गोल ना दंडगोल, कुठूनही कापला तरी प्रोफाइल वेगळीच निघते. ड्रॉइंगवर नुसतं लिहिलंय फ्रीफॉर्म, स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेल) पाहा. इन्सर्टला, म्हणजे साच्यात बसून लेन्सला आकार देणाऱ्या तुकड्याला, फॉर्म (आकारातली चूक) १ मायक्रॉन पीव्ही, म्हणजे सगळ्यात उंच ते सगळ्यात खोल, आणि आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) ५ नॅनोमीटर मागितलाय.

आमच्याकडे चांगला ५ ॲक्सिस व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आहे, हार्ड मिलिंग करतो, ५-७ मायक्रॉन आरामात धरतो. पॉलिशवाली पोरं पण हुशार आहेत. पण १ मायक्रॉन कापायचा कसा आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे कापला तर तो १ मायक्रॉनच आहे हे कस्टमरला दाखवायचं कसं? काम सोडून द्यायची इच्छा नाही कारण असली कामं पुण्याच्या पुढे, बेंगळुरू नाहीतर थेट बाहेरच्या देशात जातात, आणि आपल्याकडं एवढ्या टूलरूम असून यात कुणी उतरलेलं मला तरी माहीत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

परभणीची_ऑप्टिक्सवाली
दादा, मी मूळची परभणीची, सध्या बेंगळुरूला डायमंड टर्निंगच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे कापायच्या बाजूनं सांगते.

व्हीएमसीवर आरए ५ नॅनोमीटर थेट निघणार नाही. हे काम सिंगल पॉइंट डायमंड टर्निंगचं आहे, म्हणजे तुकडा फिरवत हिऱ्याच्या टोकानं कापायचं. मशीन वेगळंच असतं, एअर बेअरिंगचा स्पिंडल, तेलावर तरंगणाऱ्या हायड्रोस्टॅटिक स्लाइड, ग्रॅनाइटचा बेड आणि खाली हवेवरचे आयसोलेटर. टूल म्हणजे एकाच क्रिस्टलचा हिरा, नोज रेडियस (टोकाची गोलाई) समजा ०.५ मिमी. गोल लेन्सला नुसतं एक्स आणि झेड पुरतं, पण फ्रीफॉर्मला प्रत्येक कोनावर उंची वेगळी, म्हणून स्पिंडलला सी ॲक्सिस करतात, तो फिरताना कोन सतत वाचला जातो आणि त्या कोनाप्रमाणे झेड आत-बाहेर होत राहतो. ह्याला स्लो टूल सर्वो म्हणतात. उंचीतला फरक थोडा आणि वेग जास्त हवा असेल तर फास्ट टूल सर्वो, त्यात फक्त टूलच पिझोवर (विजेनं किंचित लांब-आखूड होणाऱ्या तुकड्यावर) हलतं.

आता हिशोब बघा. फीड ५ मायक्रॉन प्रति फेरी धरला तर दोन फेऱ्यांमधली उरलेली कड फीडचा वर्ग भागिले (८ गुणिले नोज रेडियस), म्हणजे ६ नॅनोमीटरच्या थोडी वर. आरए त्याच्याही खाली जातो. म्हणजे कागदावर तरी तुमचा ५ नॅनोमीटर जमतो. पण २० मिमी त्रिज्या ५ मायक्रॉननं कापायची म्हणजे ४००० फेऱ्या, आणि स्लो टूल सर्वोला स्पिंडल ५० आरपीएमच्या आसपास चालवला तर एका फिनिश पासला ८० मिनिटं. ती ८० मिनिटं खोलीचं तापमान, हवेचा दाब, शेजारचं कंप्रेसर, सगळं गप्प बसायला पाहिजे. खरी अडचण इथं आहे, हिऱ्यात नाही.

दुसरं, स्टीलवर हिरा चालत नाही. लोखंड हिऱ्यातला कार्बन ओढून घेतं, थोड्याच कटिंगमध्ये धार जाते. म्हणून इन्सर्ट स्टीलचा करून त्यावर इलेक्ट्रोलेस निकेल चढवतात, हाय फॉस्फरस, १० टक्क्यांच्या वर फॉस्फरसवालं, जाडी १०० मायक्रॉनच्या पुढे, आणि हिरा फक्त त्या निकेलमध्ये चालवतात. म्हणजे खालचं स्टील तुम्हीच फ्रीफॉर्म आकारात ५-१० मायक्रॉनपर्यंत मिल करायचं, सगळीकडे निकेल सारखं उरेल असं. हे काम वाळूजमध्ये नक्की होतं.

आणि एक विचारायचंच. दिव्याच्या लेन्सला १ मायक्रॉन कशाला हवाय? प्रकाश नुसता पसरवायचा असेल तर उतार बरोबर असणं महत्त्वाचं, फॉर्म थोडा सैल चालतो. कॅमेऱ्याची किंवा लिडारची (लेझरनं अंतर मोजणाऱ्या सेन्सरची) लेन्स असेल तर गोष्ट वेगळी. कस्टमरनं जुन्या ड्रॉइंगवरून आकडा उचललाय का बघा.

बीडचा_गडी
मी पॉलिशचंच काम करतो, चिंचवडला होतो आता शेंद्र्याला हाव. ताई, आम्ही डायमंड पेस्टनं स्टील असं करतो की माणसाचं तोंड दिसतंय त्यात. मग मिल करून वरून पॉलिश मारलं तर काय बिघडायलंय? एवढं निकेल, हिरा, कशाला पायजे.

परभणीची_ऑप्टिक्सवाली
भाऊ, चमक तुमच्या हातानं येईलच, आरए पण येईल. जातो तो फॉर्म. हातानं पॉलिश करताना उंचवट्यावर दाब जास्त बसतो, कडेला कापड वळतं आणि कड खाली जाते. बाटलीच्या मोल्डला हे दिसतही नाही. पण इथं एकूण सूट १ मायक्रॉनची आहे आणि मिलिंगची टूलमार्क काढायलाच तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त माल घासावा लागतो, तो सगळीकडे सारखा घासला जात नाही. फ्लॅटवर किंवा गोलावर लॅप (घासायचं साधन) पूर्ण टेकतो म्हणून तिथं घासता घासता आकार आपोआप सुधारतो. फ्रीफॉर्मला कुठलाच लॅप सगळीकडे टेकत नाही, प्रत्येक ठिकाणची वक्रता वेगळी.

तुमचा हात लागतो तो एका ठिकाणी. डायमंड टर्निंगचा तुकडा ट्यूबलाइटखाली तिरका धरला की त्यावर रंगांचा पंखा उमटतो, इंद्रधनुष्यासारखे पट्टे. फीडच्या रेघा इतक्या सारख्या अंतरावर असतात की प्रकाश त्यावर फाकतो. दिव्याला त्यानं फारसं बिघडत नाही, कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये मात्र फ्लेअर येतो. तिथं अगदी हलकं, काही नॅनोमीटरचं पॉलिश करतात, आणि ते करणारा माणूस फार तयारीचा लागतो.

अजून एक ओळखायची खूण सांगते. इन्सर्टच्या बरोबर मधोमध भिंगातून बघायचं. टूलची उंची स्पिंडलच्या सेंटरपेक्षा किंचित वर किंवा खाली असेल तर तिथं बारीक टोक उरतं, कधी शंकूसारखं कधी खांबासारखं, आणि त्याच्या आकारावरून टूल वर होतं का खाली हे कळतं. सप्लायरकडून तुकडा आला की मी सगळ्यात आधी तिथं बघते.

चिकलठाणा_मोजमाप
मी बरीच वर्षं सीएमएम (प्रोब टेकवून पॉइंट मोजणारं यंत्र) आणि मेट्रॉलॉजीत, म्हणजे मोजमापशास्त्रात, घालवली, चिकलठाण्याला छोटी लॅब आहे. वाळूजकर, तुमचा दुसरा प्रश्न पहिला घ्या. कापायचं ज्याच्याकडे द्याल तो कापून देईल. पण मोजायचं कसं हे ठरल्याशिवाय पीओ (खरेदीची ऑर्डर) घेऊ नका. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी त्याची कारणं.

साधारण चांगल्या सीएमएमची चूक दीड-दोन मायक्रॉन असते, रूबी बॉलचा प्रोब वेगळा धरून. मोजणाऱ्या यंत्राची अनिश्चितता टॉलरन्सच्या एक चतुर्थांशाच्या आत तरी हवी, दशांश असेल तर उत्तम. १ मायक्रॉनसाठी म्हणजे ०.२५ मायक्रॉन, आपल्याकडच्या सीएमएमवर शक्य नाही. असल्या लेन्ससाठी पॅनासॉनिकचं यूए३पी सारखं यंत्र असतं, त्याचा प्रोब अगदी हलका टेकतो आणि अचूकता १०० नॅनोमीटरच्या आसपास. प्रोफाइलोमीटर, टॅलिसर्फ वगैरे, एक-एक रेघ चांगली काढतो पण फ्रीफॉर्मच्या दोन रेघांमध्ये काय आहे ते त्याला माहीत नसतं.

आता मुख्य गोष्ट, डेटम, म्हणजे जिथून मोजायचं ती पक्की खूण. गोल लेन्सला मधली अक्ष असते, फिरवली तरी तीच लेन्स. फ्रीफॉर्मला अक्षच नाही, शेंडा नाही, मध्य नाही. मोजलेले पॉइंट मॉडेलवर नेमके कुठे ठेवायचे हेच ठरलेलं नसतं. जमीन मोजणीवाला आधी हद्दीचा दगड शोधतो तसं इथं आधी खूण पाहिजे. नाहीतर काय होतं सांगतो, सॉफ्टवेअरला बेस्ट फिट म्हणलं की ते तुकडा सहाही दिशांनी, तीन सरकवणं आणि तीन फिरवणं, हलवून हलवून चूक कमीत कमी दाखवतं. रिपोर्टवर ०.६ मायक्रॉन, सगळे खूश. पण पृष्ठभाग बॉडीच्या मानानं १० मायक्रॉन बाजूला सरकलेला असू शकतो, आणि जिथं उतार २० अंशांचा आहे तिथं १० मायक्रॉन बाजूला म्हणजे उंचीत साडेतीन मायक्रॉनच्या वर फरक. रिपोर्ट पास, लेन्स गाडीत बसवली की प्रकाश भलतीकडे.

म्हणून इन्सर्टच्या कडेला डायमंड टर्निंगच्याच सेटिंगमध्ये खुणा कापून घ्यायच्या, एक सपाट कडा आणि दोन-तीन छोटे गोल खळगे, ऑप्टिकल भागाच्या बाहेर. त्याच क्लॅम्पिंगमध्ये कापले तरच ते पृष्ठभागाशी खरे राहतात. मग मोजताना आधी त्या खुणा पकडायच्या आणि बेस्ट फिट बंद, किंवा कस्टमर म्हणेल तेवढ्याच दिशा मोकळ्या. कुठल्या दिशा मोकळ्या हे ड्रॉइंगवर लिहून घ्या. पृष्ठभागाचं वर्णन ड्रॉइंगवर कसं करायचं याला आयएसओ १०११० चा भाग १९ आहे, २०१५ चा, कस्टमरला त्याप्रमाणे द्यायला सांगा. नुसती स्टेप फाइल चालणार नाही, स्टेपमध्ये पृष्ठभाग पॅचेसनी जोडलेला असतो आणि जोडावर कॅडची स्वतःची चूक असू शकते. समीकरण मागा, किंवा दाट पॉइंट क्लाउड आणि सोबत प्रत्येक पॉइंटचा नॉर्मल (तिथल्या पृष्ठभागाला लंब दिशा).

नांदेडचा_विद्यार्थी
सर मी नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, मेकॅनिकल. आम्हाला शिकवलं की ऑप्टिक्स मोजायला इंटरफेरोमीटर सगळ्यात अचूक. मग तोच का नाही वापरायचा? टॅलिसर्फ-सीएमएमच्या मागे कशाला जायचं?

परभणीची_ऑप्टिक्सवाली
चांगला प्रश्न. इंटरफेरोमीटरमध्ये हेलियम-निऑन लेझर असतो, ६३२.८ नॅनोमीटर, आणि परावर्तनात उंची अर्ध्या तरंगानं, म्हणजे ३१६ नॅनोमीटरनं बदलली की एक पट्टा पुढे सरकतो. गोल किंवा सपाट भागाला बरोबरीचा संदर्भ-तरंग पाठवला की दोन-चार पट्टे दिसतात, वाचता येतात. फ्रीफॉर्म गोलापासून ५०-१०० मायक्रॉन लांब असतो, मग शेकडो पट्टे एकमेकांना चिकटतात, कॅमेऱ्याच्या पिक्सेलला ते वेगळे दिसतच नाहीत.

त्यावर उपाय म्हणजे आधी तरंगच त्या पृष्ठभागाच्या आकाराचा करून पाठवायचा. त्यासाठी काचेवर लिथोग्राफीनं कोरलेली सीजीएच प्लेट, कॉम्प्युटर जनरेटेड होलोग्राम. अचूकता उत्तम, पण एका डिझाइनला एक प्लेट, डिझाइन बदललं की प्लेट वाया. हजारो लेन्स तपासायच्या असतील तर परवडतं, एका इन्सर्टला नाही.

आणि अशी मधली वस्तू चुकली की पुढे सगळं चुकतं. हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा घासताना ज्या नल करेक्टरनं (तरंगाला आरशाच्या आकाराचा करणाऱ्या जोडणीनं) मोजत होते त्यातली एक लेन्स १.३ मिमी चुकीच्या जागी बसली होती. आरसा त्या मापाप्रमाणे अगदी अचूक घासला गेला आणि कडेला जवळपास २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाला. १९९० ला वर गेल्यावर फोटो धूसर, आणि १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी जाऊन सुधारणा केली. दुसऱ्या सोप्या चाचण्यांमध्ये ती चूक दिसत होती, पण त्या कमी अचूक म्हणून बाजूला ठेवल्या. मोजमापकाका म्हणतात ते म्हणूनच मला शंभर टक्के पटतं, फक्त माझी एक भर, दोन वेगवेगळ्या तत्त्वांच्या यंत्रांवर मोजा आणि दोन्ही जुळले तरच पुढे जा.

तुला करून बघायचं असेल तर डिफ्लेक्टोमेट्री कर. लॅपटॉपच्या स्क्रीनवर साइनच्या पट्ट्या दाखवायच्या, चकचकीत तुकड्यात त्यांचं प्रतिबिंब कॅमेऱ्यानं टिपायचं, पट्ट्या सरकवत जायचं. पट्ट्यांच्या वाकण्यावरून प्रत्येक ठिकाणचा उतार मिळतो आणि उतार जोडत गेलं की आकार. बारीक लहरी फार सुरेख दिसतात. एकूण वक्रतेत मात्र ही पद्धत फसते, कारण स्क्रीन आणि कॅमेरा नेमके कुठे आहेत यावर ती अवलंबून आहे, म्हणून कॅलिब्रेशनलाच सगळा वेळ जातो. मेकॅनिकलच्या पोराला प्रोजेक्ट म्हणून याच्याइतकं चांगलं काही नाही.

लातूरचा_चष्मेवाला
मी थोडं वेगळं विचारतो. आमच्या दुकानात कंपन्या फ्रीफॉर्म प्रोग्रेसिव्ह म्हणून महाग लेन्स देतात, गिऱ्हाईक विचारतं जास्त पैसे कशाचे. ते हेच फ्रीफॉर्म का?

परभणीची_ऑप्टिक्सवाली
हो मामा, हेच. प्रोग्रेसिव्ह लेन्स बाजारात आली १९५९ ला, व्हॅरिलक्स, फ्रान्समध्ये. जुन्या पद्धतीत पुढची प्रोग्रेसिव्ह बाजू साच्यातून तयार यायची, ठरावीक प्रकारातच, आणि मागची बाजू नंबरप्रमाणे साधी घासायची. आताच्या फ्रीफॉर्ममध्ये मागचा पृष्ठभागच त्या माणसाच्या नंबरप्रमाणे, फ्रेमच्या वाकाप्रमाणे, डोळ्यापासूनच्या अंतराप्रमाणे संगणकावर काढून सीएनसी जनरेटरवर हिऱ्यानं कापतात आणि मऊ पॅडनं पॉलिश करतात. तिथं अचूकता काही मायक्रॉनची पुरते, डोळा तेवढं सांभाळून घेतो. गिऱ्हाइकाला पैशाचं कारण हेच सांगा, पण फ्रेम घालून मापं नीट घेतलेली असतील तरच त्या पैशाचा उपयोग, नाहीतर नुसतं नाव.

चिकलठाणा_मोजमाप
मामा, तुमच्याच लेन्सवर माझा डेटम आहे बरं का. प्रोग्रेसिव्ह लेन्सवर फुंकर मारून उजेडाकडे धरा, दोन बारीक कोरीव खुणा दिसतील, एकमेकींपासून ३४ मिमीवर. त्या खुणांशिवाय तुम्हाला लेन्स फ्रेममध्ये बसवताच येणार नाही. चष्म्याच्या धंद्यानं ही सोय केव्हाच लावून घेतली आहे, आमच्या मोल्डच्या ड्रॉइंगवर ती अजून मागावी लागते.

औंढ्याचा_पाहुणा
हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लिगो इंडिया (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) व्हायलंय, २०२३ च्या एप्रिलात केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. त्याचे आरसे पण असेच फ्रीफॉर्म असतील ना? मग आपल्या मराठवाड्यातल्या लोकांना त्यात काम मिळंल का?

चिकलठाणा_मोजमाप
पाहुणे, ते आरसे फ्रीफॉर्म नाहीत, जवळजवळ गोल पृष्ठभाग आहेत. पण मोजमापाच्या दृष्टीनं डोळे फिरतात. अमेरिकेतल्या लिगोचे मुख्य आरसे ३४ सेंमी व्यासाचे, २० सेंमी जाड, ४० किलोचे, फ्यूज्ड सिलिकाचे. त्यांची वक्रतेची त्रिज्या २ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे ३४ सेंमीच्या पूर्ण रुंदीत मधला खोलगटपणा फक्त सात-साडेसात मायक्रॉन, आणि मधल्या भागात आकारातली सरासरी चूक एक नॅनोमीटरच्याही खाली धरतात. ते आरसे आपण वाळूजला घासू असं मी म्हणणार नाही. पण ४ किलोमीटरच्या दोन भुजा, निर्वात नळ्या, स्वच्छ खोल्या, कंपन अडवणारे स्टँड, हे सगळं जवळ उभं राहणार आहे तर तापमान आणि कंपन समजणारी माणसं इथं तयार व्हावीत असं मला मनापासून वाटतं. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, पोरं तिथं टूलिंग शिकतात, त्यांना नॅनोमीटरचं मोजमापही हाताळायला मिळावं.

आणि वाळूजकर, तापमानाचं राहिलं. आपला मे महिना ४२-४३ अंशांचा. मोजमापाचं जागतिक तापमान २० अंश. १०० मिमी स्टील एका अंशाला १.१ मायक्रॉनच्या वर वाढतं, ॲल्युमिनियम २.३. म्हणजे खोली एक अंश हलली की तुमचा टॉलरन्स त्यातच गेला. नुसता स्प्लिट एसी लावून भागत नाही, तो चालू-बंद होताना खोली वर-खाली होत राहते आणि ते एकाच जागी थोडं गरम राहण्यापेक्षा वाईट. खोलीत खोली करा, जाड भिंती, खिडकी नको, दिवे कमी, कंप्रेसर बाहेर. तुकडा आणून लगेच मोजू नका, रात्रभर तिथंच राहू द्या. आणि काळ्या मातीवर पाया नको, ती पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जा आणि यंत्राचा ब्लॉक शेडच्या फरशीपासून मोकळा ठेवा. शेजारी प्रेस शॉप असेल तर जागाच बदला.

वाळूज_टूलरूम
काका, ताई, मनापासून धन्यवाद, एवढं कुणी फोनवर पण सांगत नाही. कस्टमरशी बोललो. ताईंचा अंदाज बरोबर निघाला, आकडा त्यांच्या एका सेन्सरच्या लेन्सवरून आला होता. दिव्यासाठी फॉर्म ५ मायक्रॉन चालेल म्हणाले, वर उताराची वेगळी मर्यादा देतील. आरए १० नॅनोमीटर.

एक शंका राहिली. पीएमएमए अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं. ४० मिमीला ०.२ मिमी, म्हणजे २०० मायक्रॉन. मग इन्सर्ट ५ मायक्रॉनमध्ये करून उपयोग काय?

परभणीची_ऑप्टिक्सवाली
उपयोग आहे, कारण प्रोसेस स्थिर असेल तर आकसणं प्रत्येक शॉटला सारखं होतं, आणि जे सारखं आहे ते इन्सर्टमध्ये उलटं कापून भरून काढता येतं. पण ते सगळीकडे सारखं नसतं, जाड भागात जास्त, गेटजवळ (प्लास्टिक आत शिरतं तिथं) वेगळं. म्हणून पहिला इन्सर्ट अंतिम समजू नका. मोल्डिंग करा, लेन्स मोजा, चुकीचा नकाशा काढा, तो उलटा करून इन्सर्टच्या प्रोग्राममध्ये घाला आणि त्याच निकेलवर पुन्हा एक पास घ्या. निकेल जाड चढवा म्हणलं ते यासाठीही, दुसऱ्या-तिसऱ्या पासला माल उरायला हवा. यात मोल्ड फ्लो समजणारा माणूस माझ्यासारखीपेक्षा जास्त कामाचा, आणि तो तुमच्याकडे आहे. दुरुस्तीच्या पासचे पैसे कोटेशनमध्ये आधीच वेगळे दाखवा, नंतर वाद होतात.

बीडचा_गडी
मालक, स्टीलचा बेस मिल करायला घेतला की सांगा. निकेल चढवायच्या आधी खालचं स्टील स्वच्छ, खड्डा नसलेलं लागंल ना ताई? ते काम आपण करू.

परभणीची_ऑप्टिक्सवाली
हो भाऊ, एकही पिनहोल नको. स्टीलमधला खड्डा निकेलमधून वर येतो आणि हिरा तिथं पोचला की दिसतो. प्लेटिंगआधी भिंगाखाली पूर्ण पृष्ठभाग बघा, आणि कडा तीक्ष्ण ठेवू नका, बारीक रेडियस द्या, नाहीतर निकेल तिथून सुटतं.

चिकलठाणा_मोजमाप
आणि बेस मिल करतानाच बाजूच्या दोन सपाट कडा ग्राइंड करून ठेवा. डायमंड टर्निंगवाल्याला त्यावरून तुकडा धरू दे, खुणा तो स्वतः कापेल. ड्रॉइंग सुधारून आलं की कस्टमरचं नाव झाकून इथं टाका, डेटमचा भाग मी बघून देतो.